पाण्यातला जड धातू पकडणारा धागा: ‘९९ टक्के’ म्हणजे नेमकं किती?

दर काही महिन्यांनी एक बातमी येते. कुठल्यातरी प्रयोगशाळेत असा धागा तयार झालाय, जो पाण्यातलं शिसं, कॅडमियम, पारा असे जड धातू ९९ टक्के काढून टाकतो. सोबत काचेच्या पात्रात बुडवलेल्या कापसासारख्या पुंजक्याचा फोटो असतो. मग वाचणाऱ्याच्या मनात साहजिक येतं, एवढी चांगली गोष्ट आहे तर ती आमच्या नळाला का नाही?

प्रश्न रास्त आहे. धागा खरा आहे, त्यामागचं रसायनशास्त्र पक्कं आहे आणि ते काही कालपरवाचं नाही. गोची आहे ती त्या ‘९९ टक्के’मध्ये. समजा प्रयोगातल्या पाण्यात लिटरमागे १०० मिलिग्रॅम शिसं होतं. त्यातलं ९९ टक्के गेलं, तरी लिटरमागे १ मिलिग्रॅम उरलं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) शिशाची मर्यादा आहे लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम. म्हणजे ९९ टक्के काढूनही उरलेलं पाणी मर्यादेच्या शंभरपट शिसं बाळगून आहे. उलट मुळातच शिसं कमी असलेल्या पाण्यातून निम्मं काढलं, तरी ते पिण्यालायक होऊ शकतं. त्यामुळे टक्केवारी वाचून हुरळून जाण्याआधी धागा करतो काय आणि अडतो कुठे, हे पाहायला हवं.

विरघळलेला धातू गाळून का निघत नाही

जड धातू म्हटलं की डोळ्यांसमोर कण येतात. पाण्यात ते कणांच्या रूपात असतातच असं नाही. बरेचदा ते मिठासारखे विरघळलेले असतात, म्हणजे एकेक अणू विद्युतभार घेऊन पाण्यात सुटा फिरत असतो. अशा भारित अणूला किंवा अणूंच्या छोट्या गटाला आयन म्हणतात. तो फडक्यातून, मेणबत्तीच्या फिल्टरमधून, वाळूतून आरामात निघून जातो. इतक्या कमी प्रमाणात त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही.

पाणी उकळून जंतू मरतात, धातू मरत नाही. उलट वाफ जाते आणि धातू मागे राहतो, म्हणजे प्रमाण किंचित वाढतंच. तुरटीने गढूळपणा खाली बसतो, पण शिसं किंवा कॅडमियम जाईल या भरवशावर तुरटी फिरवू नये.

प्रमाण किती सूक्ष्म असतं पाहा. दहा हजार लिटरचा टँकर घ्या. त्यातल्या पाण्यात शिसं मर्यादेइतकं असेल, तर अख्ख्या टँकरमध्ये ते ०.१ ग्रॅम भरेल. कॅडमियमची मर्यादा त्याहून कमी, लिटरला ०.००३ मिलिग्रॅम. पाऱ्याची ०.००१. एवढ्या पाण्यातून एवढंसं काहीतरी शोधून धरायचं, हे धाग्याचं काम.

साध्या अॅक्रिलिकचा धातूपकड धागा

लोकरीच्या दुकानात स्वस्तातली ‘लोकर’ कॅशमिलॉन म्हणून मिळते, ती मेंढीची नसते. ते अॅक्रिलिक असतं, म्हणजे पॉलिअॅक्रिलोनायट्राइल नावाचं पॉलिमर. एकच छोटा रेणू हजारो वेळा जोडून झालेली लांब साखळी म्हणजे पॉलिमर. कापूस आणि ताग ही निसर्गाने केलेली पॉलिमरं, नायलॉन आणि अॅक्रिलिक माणसाने केलेली.

अॅक्रिलिकच्या साखळीवर ठरावीक अंतराने कार्बन आणि नायट्रोजनची एक जोडी बाजूला आलेली असते. ती धातूला फारशी धरत नाही, म्हणून स्वेटर पाण्यात टाकून शिसं निघत नाही. पण हाच धागा हायड्रॉक्सिलअमाइन नावाच्या रसायनाच्या कोमट द्रावणात काही तास ठेवला, की त्या जोडीचं रूपांतर अमिडॉक्सिम नावाच्या गटात होतं. या गटात नायट्रोजनही असतो आणि ऑक्सिजनही, आणि दोघं मिळून धातूच्या आयनाला दोन बाजूंनी धरतात. साखळी तीच, तिच्यावरचे गट तेवढे बदलले. ‘सुधारित पॉलिमर धागा’ म्हणतात तो हाच. (हायड्रॉक्सिलअमाइन विषारी असतं आणि तापलं तर स्फोटकही ठरू शकतं. हे घरी करायचं काम नव्हे.)

प्रयोगशाळेत हे डोळ्यांनी दिसतं. पांढरा धागा प्रक्रियेनंतर पिवळसर होतो. मोरचुदाच्या, म्हणजे तांब्याच्या क्षाराच्या, फिकट निळ्या पाण्यात तो टाकून हलवत राहिलं की पाण्याचा निळेपणा उतरत जातो आणि धागा हिरवट होत जातो. तांबं पाण्यातून धाग्यावर आलं. मग तोच धागा सौम्य आम्लात बुडवला की रंग धाग्यावरून उतरून आम्लात येतो आणि धागा पुन्हा मूळ रंगाकडे जातो. शिसं आणि कॅडमियम असा रंग दाखवत नाहीत, पण घडतं साधारण हेच.

ज्या धाग्यावर बदलण्याजोगा गटच नाही, उदाहरणार्थ पॉलिप्रॉपिलीन, त्यावर बाहेरून कलम करावं लागतं. इलेक्ट्रॉनच्या झोताने किंवा गॅमा किरणांनी धाग्याच्या साखळीवर ठिकठिकाणी रासायनिक जागा मोकळ्या करायच्या आणि तिथून नव्या फांद्या वाढवायच्या. हे ऐकून हमखास विचारलं जातं की असा धागा किरणोत्सारी होतो का? नाही. यासाठी वापरल्या जाणाऱ्या किरणांच्या ऊर्जेला वस्तू किरणोत्सारी होत नाही. नाशिक जिल्ह्यात लासलगावच्या केंद्रात कांद्याला कोंब येऊ नयेत म्हणून गॅमा किरण देतात. तो कांदा जितका किरणोत्सारी, तितकाच हा धागा, म्हणजे अजिबात नाही.

गोळ्या होत्याच की, मग धागा कशाला?

धातू पकडणाऱ्या पॉलिमरच्या बारीक गोळ्या, म्हणजे आयन विनिमय रेझिन, अनेक दशकं वापरात आहेत. कारखान्यांच्या बॉयलरचं पाणी मृदू करायला त्याच लागतात. मग धाग्याचा फायदा काय?

अंतराचा. रेझिनची गोळी साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. धातूच्या आयनाला तिच्या पोटातल्या जागेपर्यंत झिरपत जावं लागतं, आणि झिरपायला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ६०० मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) गोळी आणि ३० मायक्रॉनचा धागा घेतला तर जाडीतला फरक वीसपट, पण वेळेतला फरक कागदावर चारशेपट. म्हणून गोळीला तास लागतो तिथे धाग्याचं काम मिनिटांत होऊ शकतं. शिवाय धाग्याचं कापड होतं, नमदा (दाबून केलेला जाड थर) होतो, वेणी घालता येते. तो पिंपात लटकवता येतो, नळीत भरता येतो, समुद्रात सोडता येतो.

धागा आणखी बारीक करून मायक्रॉनच्याही खाली नेता येतो. त्यासाठी पॉलिमरचं द्रावण हजारो व्होल्टच्या दाबाखाली सुईतून ओढतात. बातम्यांमधले बहुतेक धागे हेच. वेगाला ते उत्तम, पण त्यांचा थर नाजूक असतो, पाणी ढकलायला दाब जास्त लागतो आणि टनावारी बनवणं अवघड. रोजच्या कामाला जाडा, दमदार धागा बरा, असं माझं स्पष्ट मत आहे.

खरी अडचण गर्दीची

प्रयोगात बहुतेक वेळा ऊर्ध्वपातित पाणी घेतात आणि त्यात फक्त शिशाचा क्षार टाकतात. आपल्या बोअरवेलचं पाणी असं नसतं. त्यात कॅल्शियम असतं, मॅग्नेशियम असतं, सोडियम असतं. बादलीला पांढरे डाग पाडणारं हेच ते जड पाणी.

हिशेब करू. लिटरमागे ८० मिलिग्रॅम कॅल्शियम ही आपल्याकडे मामुली गोष्ट आहे. त्याच पाण्यात शिसं मर्यादेच्या दुप्पट, म्हणजे ०.०२ मिलिग्रॅम आहे असं धरा. वजनाऐवजी आयनांची संख्या मोजली, तर शिशाच्या एका आयनामागे कॅल्शियमचे सुमारे वीस हजार आयन निघतात.

धाग्यावरच्या जागा म्हणजे एसटीतली बाकडी समजा. गाडीत चाळीसेक जागा, फलाटावर वीस हजार माणसं, आणि आपल्याला त्यातला नेमका एक प्रवासी न्यायचाय. जो पुढे येईल त्याला बसवलं, तर तो एक माणूस कधीच चढणार नाही. आरक्षण हवं. रसायनशास्त्रात या आरक्षणाला निवडकता म्हणतात, आणि चांगला धागा व सुमार धागा यांतला फरक बहुतेक तिथेच असतो. आरक्षणही नेहमी शंभर टक्के पाळलं जात नाही. कॅल्शियमची थोडीफार घुसखोरी होतेच, आणि जितकी ती जास्त तितकी गाडी लवकर भरते.

पाण्याचा सामूही (पीएच, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी ते) इथे आडवा येतो. पाणी आम्लधर्मी असेल तर हायड्रोजनचे आयन जागा अडवतात आणि धातूला बसू देत नाहीत. हाच गुण पुढे धागा रिकामा करताना कामी येतो.

त्यामुळे एखाद्या धाग्याचं कौतुक ऐकलं की मी आधी विचारते ती पाण्याची कुंडली. कसलं पाणी होतं, त्याचा क्षार किती, सामू किती, सुरुवातीला धातू किती आणि शेवटी किती? एवढं सांगितलं नसेल तर पुढचं वाचण्यात फार अर्थ नाही.

एकच धागा सगळ्या धातूंना चालतो का?

नाही, आणि ‘सर्व जड धातू काढणारा’ अशी जाहिरात दिसली की सावध व्हावं.

पाऱ्याला गंधक आवडतं, म्हणून पाऱ्यासाठी धाग्यावर गंधकाचे गट लावतात. तांबं, निकेल, शिसं यांच्यासाठी नायट्रोजन आणि ऑक्सिजनचे गट चालतात. आर्सेनिकचं प्रकरण वेगळं आहे. काटेकोर बोलायचं तर तो धातू नाहीच, पण विषारीपणामुळे याच यादीत येतो. पाण्यात तो ऑक्सिजनशी जोडलेला असतो आणि त्या गटाचा भार ऋण असतो, किंवा खोलवरच्या ऑक्सिजन नसलेल्या भूजलात भारच नसतो. धन भार धरायला बनवलेला धागा त्याला ओळखतही नाही. त्यासाठी धाग्यावर लोहाच्या ऑक्साइडचा लेप द्यावा लागतो. सहा संयुजेचं क्रोमियम, म्हणजे प्लेटिंगच्या (धातूचा मुलामा चढवण्याच्या) कारखान्यातलं घातक क्रोमियम, तेही ऋण भाराच्या गटात फिरतं आणि त्याला अमाइन गटाचा धागा लागतो.

समुद्रात सोडलेलं कापड

या धाग्यांची सर्वांत कठीण परीक्षा नळाच्या पाण्यात झाली नाही, समुद्रात झाली. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३.३ मायक्रोग्रॅम युरेनियम असतं, म्हणजे १ मिलिग्रॅमच्या तीनशेव्या भागाइतकं, आणि भोवती मिठाचा महापूर. जपानच्या शास्त्रज्ञांनी पॉलिएथिलीनच्या कापडावर अमिडॉक्सिमचं कलम केलं. मुत्सु-सेकिने बंदरापासून ७ किलोमीटर आत त्यांनी असं ३५० किलो कापड बुडवलं. १९९९ ते २००१ या काळात एकूण २४० दिवस ते पाण्यात होतं आणि त्यातून पिवळ्या भुकटीच्या (यलोकेकच्या) हिशेबाने १ किलोहून जास्त युरेनियम मिळालं. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या पॅसिफिक नॉर्थवेस्ट नॅशनल लॅबोरेटरीने एका कंपनीच्या साथीने साध्या अॅक्रिलिक धाग्यावर प्रक्रिया करून समुद्राच्या पाण्यातून ५ ग्रॅम युरेनियमची पिवळी भुकटी मिळवली. आपल्याकडे भाभा अणुसंशोधन केंद्राने पॉलिप्रॉपिलीनवर असंच कलम करून तुर्भ्याच्या आणि तारापूरच्या किनाऱ्यावर चाचण्या घेतल्या आहेत.

यातून दोन गोष्टी कळतात. मायक्रोग्रॅममधला धातूसुद्धा मिठाच्या गर्दीतून उचलता येतो, हे सिद्ध झालं. आणि ३५० किलो कापडातून किलोभर माल निघाला, म्हणजे हे स्वस्तातलं काम नाही, हेही कळलं. व्हॅनेडियम नावाचा दुसरा धातू त्याच जागा बळकावतो आणि सहजी सोडत नाही. कापडावर शेवाळ आणि शिंपले चढतात ते वेगळंच.

धागा भरला की पुढे काय?

धागा धातूला नाहीसं करत नाही. कोणतीच पद्धत करत नाही, कारण धातू हा मूलद्रव्य आहे आणि तो जळत नाही, कुजत नाही, मोडत नाही. धागा फक्त त्याची जागा बदलतो. हजारो लिटरमध्ये पसरलेलं विष मूठभर धाग्यावर गोळा होतं.

मग तो धागा सौम्य आम्लाने धुतात. क्रोमियम धरणारा असेल तर अल्कलीने. धातू त्या थोड्याशा द्रावणात उतरतो आणि धागा पुन्हा कामाला लागतो. प्रत्येक धुण्यात काही गट मोडतात, आणि अमिडॉक्सिमला कडक आम्ल मानवत नाही. त्यामुळे पकडण्याची क्षमता हळूहळू घटते आणि एक दिवस धागा टाकून द्यावा लागतो. तो कचऱ्याच्या गाडीत टाकता येत नाही. २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार त्याची विल्हेवाट तळोजा, रांजणगाव किंवा बुटीबोरीसारख्या ठिकाणच्या अधिकृत केंद्रातच लागायला हवी.

ही साखळी तुटते तिथे सगळं वाया जातं. पश्चिम बंगालमध्ये आर्सेनिकसाठी हातपंपांना संच जोडले गेले. त्यातले बरेच देखभालीअभावी बंद पडले किंवा भरलेल्या अवस्थेत तसेच चालत राहिले. भरलेला संच नसलेल्या संचापेक्षा वाईट, कारण लोक निर्धास्तपणे तेच पाणी पीत राहतात.

मग हा धागा लावायचा कुठे?

माझ्या मते आधी प्लेटिंगच्या कारखान्यात. औद्योगिक वसाहतीतलं छोटं निकेल-क्रोमचं युनिट डोळ्यांसमोर आणा. जॉब (मुलामा द्यायची वस्तू) बाथमधून (मुलाम्याच्या द्रावणाच्या टाकीतून) वर येतो, त्याच्या अंगावर थोडं द्रावण चिकटलेलं असतं, आणि तो शेजारच्या धुण्याच्या टाकीत बुडवतात. बुडवताना ते द्रावण टाकीत उतरतं. या टाकीत एकच धातू असतो, तोही बऱ्यापैकी प्रमाणात, आणि पाणी तुलनेने स्वच्छ असतं. गर्दी नाही. निकेलच्या टाकीशेजारी निकेल धरणारा धागा भरलेली नळी बसवली, तर निकेल अडतं, पाणी पुन्हा धुण्याला येतं, आणि धागा धुऊन निघालेलं निकेलचं द्रावण शुद्ध करून बाथमध्ये परत घालता येतं. निकेल महाग असतं, त्यामुळे युनिटवाल्यालाही त्यात गोडी वाटू शकते.

हीच निकेल, क्रोम, जस्त आणि आम्लाची पाणी एका गटारात एकत्र झाली की निवडकतेचे सगळे फायदे संपले. आज बहुतेक ठिकाणी असं मिसळलेलं पाणी ईटीपीत (सांडपाणी प्रक्रिया केंद्रात) नेऊन चुना टाकतात आणि स्लज (गाळ) खाली बसवतात. चुन्याने मोठा भाग निघतो, आणि तो स्वस्तही आहे. शेवटचा सूक्ष्म अंश मात्र बरेचदा राहून जातो. तिथे चुन्यानंतरची शेवटची पायरी म्हणून धागा कामाचा आहे. नदीत उतरलेला धातू नदीतून धाग्याने काढू, अशी कल्पना कुणी मांडली तर तिच्यावर पैसा घालवू नये.

प्लास्टिकचे तंतू पाण्यात मिसळले तर?

शंका खरी आहे. धागा घासला जातो, तुटतो. म्हणून सुटा धागा पाण्यात सोडायचा नसतो. तो घट्ट नमद्याच्या रूपात नळीत बंद असावा आणि पुढे बारीक गाळणी असावी. काही संशोधक म्हणूनच कापूस, ताग, काथ्या यांच्यावर सायट्रिक आम्लासारख्या साध्या रसायनांची प्रक्रिया करतात. दिशा चांगली आहे, पण हे गट निवडकतेत कमी पडतात आणि जड पाण्यात लवकर भरतात.

घरी आरओ आहेच की

आरओ बहुतेक धातू अडवतो, हे खरं. भारहीन आर्सेनिक मात्र त्यातून काही प्रमाणात निसटतं. शिवाय अडवलेला धातू टाकाऊ पाण्याबरोबर मोरीत जातो, आणि घरगुती यंत्रात ते टाकाऊ पाणी बरेचदा शुद्ध पाण्यापेक्षा जास्तच असतं.

पण त्याआधी एक गोष्ट. विक्रेता टीडीएस मीटर बुडवून आकडा दाखवतो, त्यावरून धातूबद्दल काहीही कळत नाही. ते मीटर एकूण विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतं. ३०० आकडा दाखवणाऱ्या पाण्यात शिसं मर्यादेच्या पाचपट असेल, तर ते त्या ३०० मधलं ०.०५ असतं. मीटरला ते दिसणंच शक्य नाही.

शंका असेल तर एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत धातूंची नावं सांगून तपासणी मागावी. शिसं, कॅडमियम, आर्सेनिक, क्रोमियम अशी. नमुन्याची बाटली कोणती घ्यायची, हे त्यांनाच विचारावं, कारण धातूच्या नमुन्यात आम्ल घालावं लागतं. शिशासाठी नमुने दोन घ्यावेत. एक पहाटे, रात्रभर तोटी बंद असताना नळात साठलेलं पहिलं पाणी, आणि दुसरा पाच मिनिटं पाणी सोडून दिल्यावर. पहिल्यात शिसं जास्त आणि दुसऱ्यात नगण्य निघालं, तर ते बहुधा घरातल्याच जुन्या पितळी तोटीतून, डाग देऊन (सोल्डरने) केलेल्या जोडातून किंवा जुन्या पाइपातून येतंय. अशा वेळी धागा, गोळी, आरओ यांपैकी काहीही घेण्याआधी प्लंबरला बोलावून ती तोटी आणि तो जोड बदलून घ्यावा, आणि महिन्याभराने पुन्हा तेच दोन नमुने द्यावेत.